तिला कोणी पास दिला नाही

मी गोलकीपर आहे. बर्फावरच्या हॉकीत गोलकीपरला सगळं मैदान समोर दिसतं, आणि त्या दिवशी मला जे दिसत होतं ते मी स्वतः तीन आठवडे खपून घडवलं होतं.

आखातातल्या एका देशात, एका मोठ्या मॉलच्या पोटात, बायकांच्या आंतरराष्ट्रीय आइस हॉकी स्पर्धेतला आमचा तिसरा सामना चालू होता. बाहेर आमच्याकडच्या मे महिन्यासारखं ऊन, आत पायाखाली बर्फ. आमची सगळ्यात चांगली फॉरवर्ड डाव्या बाजूला एकटी मोकळी उभी होती. स्टिक बर्फावर आपटून पक मागत होती. पक म्हणजे या खेळातली रबराची जाड चकती. आमच्यातली एकही पोरगी ती चकती तिच्याकडं ढकलत नव्हती.

याचं कारण विदर्भातल्या दिग्रसच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात आहे.

दिग्रसपासून बसनं अर्ध्या तासावर आमचा तांडा. आम्ही बंजारा. पणजोबांच्याही आधीची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायची. आता आमची कापसाची, सोयाबीनची, तुरीची शेती आहे. घरात गोरबोली, बाहेर वऱ्हाडी. आईला आम्ही याडी म्हणतो. शाळेसाठी मी दिग्रसला मावशीकडं राहायचे, आणि सुट्टीतही तिथंच थांबायचे, कारण आमचे खेळाचे सर उन्हाळ्यात स्केटिंगचा वर्ग घ्यायचे.

कापसाचा हंगाम संपला की जिनिंगचं आवार रिकामं व्हायचं. कापूस पसरायला केलेलं सिमेंटचं भलंमोठं अंगण. सरकीचे दाणे चाकात अडकायचे, म्हणून आम्ही पोरी आधी सगळं झाडून काढायचो आणि मग चाकांच्या स्केटवर हॉकी खेळायचो. जिनिंगच्या मालकाची मुलगी माझ्याच वर्गात होती. आवार तिच्या वडिलांचं, म्हणून कॅप्टन ती. तिचे स्केट बाहेरून मागवलेले. माझे शाळेचे, तीन-चार जणींनी वापरून सोडलेले. तरी मी तिच्यापेक्षा वेगात होते. बढाई मारत नाही, सरांच्या हातात घड्याळ असायचं.

मी चौदा वर्षांची होते तेव्हा राज्याच्या टीमसाठी यवतमाळला निवड होती. फॉरवर्ड म्हणून सरांना एकच नाव पाठवायचं होतं. त्यांनी माझं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाच्या मुलीच्या स्केटची बेअरिंग गायब झाली. आठ चाकं, सोळा बेअरिंग. सरांनी सगळ्यांना दप्तरं उलटी करायला लावली. माझ्या दप्तरातून, भाकरीच्या डब्याखालून, मोज्यात बांधलेली सोळाच्या सोळा बेअरिंग बाहेर पडली.

मी घेतली नाहीत असं मी तीनदा म्हणाले. चौथ्यांदा म्हणायचा धीर झाला नाही. ती अंगणाच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत होती. नाडी आधीच बांधलेली होती. ती सोडून पुन्हा बांधत होती. तिनं मान वर केली नाही, आणि मला कळलं.

सरांनी बाबांना फोन केला. बाबा शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटत होते, तसेच मोटारसायकलवर आले. हाताला माती, शर्टाला घाम. तोवर मालक बाहेर आले होते. सरांनी झालेलं सांगितलं. मालक आवाज न चढवता, समजुतीच्या सुरात म्हणाले, "तांड्यावरचे पोरं आहेत, हात लागतच असते. पोलिसात नाही देत आपण. घेऊन जा."

बाबांनी मला एकच विचारलं, "घेतलं काय तू?"

मी नाही म्हणाले. बाबा मालकांकडं वळून म्हणाले, "नाही म्हणते ते." मालक हसले. वीसेक पोरी, त्यांना न्यायला आलेल्या आया, जिनिंगचे दोन चौकीदार, सगळ्यांसमोर बाबा मान खाली घालून थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी माझं दप्तर उचललं. मला गाडीवर मागं बसवून ते तांड्यावर घेऊन आले.

यवतमाळला ती गेली. बेअरिंगला आमच्याकडं छर्रे म्हणतात; शाळेत माझं नाव छर्रेचोर पडलं. तांड्यावरही बातमी पोचली. लग्नाकार्यात कोणाची अंगठी सापडेनाशी झाली की बायका बोलता बोलता थांबायच्या आणि माझ्याकडं न बघण्याची काळजी घ्यायच्या. इंग्रजांच्या काळात आमच्या लोकांना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा होता, हे मी पुढं कॉलेजात वाचलं. वाचून मला नवल वाटलं नाही. तो कायदा मी जिनिंगच्या अंगणात बघितला होता.

दोन वर्षं मी स्केटला हात लावला नाही. मग अकरावीला पुसदला गेले. तिथं एक मॅडम मुलींना चाकांची हॉकी शिकवायच्या. त्यांना गोलकीपर मिळत नव्हती, कारण पकचा मार खायला कोणी तयार नव्हतं. मी झाले. मॅडमनी विचारलं, फॉरवर्ड खेळलेली दिसतेस, मग गोल कशाला? मी सांगितलं की मला कोणाकडं पाठ करून खेळायचं नाही.

पुसदहून अमरावती, अमरावतीहून राज्याची टीम. मग एका हिवाळ्यात लेहला बर्फावरच्या हॉकीचं शिबिर, जिथं पहिले चार दिवस मी नुसती पडत होते आणि लडाखच्या बारा-बारा वर्षांच्या पोरी माझ्या अंगावरून उड्या मारून जात होत्या. मी दर हिवाळ्यात जात राहिले. उन्हाळ्यात तांड्यावर भिंतीवर टेनिसचा चेंडू मारून झेलत राहिले. माझ्या चिकाटीचं लोक कौतुक करतात. खरं सांगायचं तर थकवा आला की मला ती नाडी बांधणारी मान दिसायची आणि मी आणखी शंभर झेल घ्यायचे. रागावर माणूस फार लांब जातं.

गेल्या वर्षी देशाच्या टीमच्या शिबिराला मी लेहला पोचले, तेव्हा जेवणाच्या खोलीत एक उंच पोरगी सगळ्यांशी हात मिळवत फिरत होती. कॅनडात शिकायला गेली होती, तिथं कॉलेजच्या टीममधून खेळली, आता परत आली होती. माझ्यापाशी येऊन तिनं गाव विचारलं. मी यवतमाळ जिल्हा म्हणाले. तिनं मला मिठी मारली.

"मी दिग्रसची. आमचं जिनिंग आहे तिथं, माहीत असंल तुले."

"माहीत आहे," मी म्हणाले.

तिनं माझं नाव विचारलं, मी सांगितलं, आणि ती पुढच्या मुलीकडं गेली. आडनावही सांगितलं होतं मी. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्या क्षणापर्यंत मला वाटायचं की मी तिचा द्वेष करते. खरा द्वेष तिथून सुरू झाला. बारा वर्षं मी जी सकाळ चघळत होते, ती सकाळ हिच्या आयुष्यात घडलीच नव्हती.

शिबिरात ती माझ्यावर रोज मारा करायची आणि मी रोज अडवायचे. तिचा खांदा कधी झुकतो, मनगट कधी फिरतं, सगळं मी पाठ केलं. पण तेवढ्यानं तिचं काही बिघडत नव्हतं. ती हसून म्हणायची, काय अडवतेस गं. निवड झाली. ती पण आली, मी पण आले.

एकदा कपडे बदलायच्या खोलीत तिची बॅग उघडी पडली होती आणि शेजारच्या बाकावर दुसऱ्या एका पोरीचा फोन. खोलीत मी एकटीच होते. मी तो फोन उचलला. हातात धरून उभी राहिले. मग जागेवर ठेवला. चांगुलपणानं नाही. ती तिची रीत होती, मला माझी हवी होती.

माझी रीत म्हणजे बोलणं. टीममधल्या बहुतेक पोरी लडाखच्या आणि हिमाचलच्या, एकमेकींना जीव लावणाऱ्या. मी एकेकीला गाठलं. कोणाला जेवताना, कोणाला स्केटच्या पात्यांना धार लावताना, कोणाला बसच्या सीटवर. जिनिंगच्या अंगणात काय झालं ते मी हिंदीत सांगितलं. एक शब्द वाढवला नाही. त्या ऐकायच्या, माझा हात धरायच्या, वाईट वाटायचं त्यांना. पण दुसऱ्या दिवशी सरावात तिला पास जायचाच. ती चांगली खेळायची आणि पोरींना जिंकायचं होतं.

तेव्हा मी एक वाक्य जोडलं. ती म्हणते, या पहाडी पोरींना नुसतं पळता येतं, डोकं नसतं त्यांना. असं ती कधी बोलली नव्हती. मी तिघींना सांगितलं, तिघींनी बाकीच्यांना सांगितलं. त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. जेवताना तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. कॅप्टनसाठी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तिला दोन मतं पडली, त्यातलं एक तिचं स्वतःचं असणार. ती गोंधळली. मला येऊन विचारलं, "काही झालं काय गं? सगळ्या अशा काहून वागून राह्यल्या?" मी मला माहीत नाही म्हणाले. त्या रात्री मला गाढ झोप लागली, इतकी की सकाळी उठवावं लागलं.

आणि मग तो तिसरा सामना. समोर एका बेटांच्या देशाची टीम. दोन-दोन अशी बरोबरी, शेवटची चार मिनिटं, जिंकलो असतो तर अंतिम फेरी. ती डावीकडं मोकळी. एकदा, दोनदा, तीनदा मोकळी. मध्ये खेळणाऱ्या आमच्या पोरीनं मान वर करून तिला पाहिलं, हे मला गोलमधून स्वच्छ दिसलं. पाहिलं, आणि पक उजवीकडं गर्दीत घातला. मी मुखवट्याच्या आत हसत होते. ते हसू मला अजून आठवतं. गाल जाळीला लागत होते.

गर्दीत पक हिसकावला गेला. त्यांच्या दोघी सुटल्या आणि थेट माझ्यावर आल्या, मध्ये आमची एकच पोरगी. पहिलीनं दुसरीला पास दिला, सहज, जसा द्यायचा असतो. मी उजवीकडं झेपावले आणि पक डावीकडून आत गेला. तीन-दोन. आम्ही हरलो.

आम्ही आत खोलीत गेलो. आमच्या कोच स्वतः लडाखच्या जुन्या खेळाडू, बाई शांत. त्यांनी विचारलं, डावीकडं ती मोकळी होती, पास का गेला नाही? शेवटी मधल्या पोरीनं रडत रडत सांगून टाकलं की आम्हाला बिनडोक म्हणणाऱ्या मुलीला मी पास देणार नाही. ती उंच पोरगी उभी राहिली. म्हणाली की मी असं आयुष्यात म्हटलेलं नाही, कोणी सांगितलं तुम्हाला? एकेकीची नजर फिरत माझ्यावर आली.

मी मुखवटा मांडीवर घेऊन बसले होते. कोचनी मला विचारलं, तिनं हे तुझ्यासमोर म्हटलं का? बारा वर्षांपूर्वी बाबांनी विचारलेला प्रश्न मला तिथं आठवला, आणि तेव्हाचं माझं उत्तर खरं होतं एवढंच माझ्याजवळ होतं. मी म्हणाले, नाही. ती असं बोलली नाही. मी जोडलं.

लेहची एक पोरगी, माझी खोलीतली जोडीदार, माझ्याकडं बघत राहिली. मग इतकंच म्हणाली की तुझ्या भांडणात आमचा सामना गेला.

कोचनी मला तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बाहेर बसवलं. दुसरी गोलकीपर खेळली, डावीकडं पास गेले, त्या उंच पोरीनं दोन गोल मारले, आम्ही जिंकलो. माझ्याही गळ्यात ब्राँझ पडलं. मी ते त्याच संध्याकाळी बॅगेच्या तळाशी टाकलं.

परत निघायच्या सकाळी हॉटेलच्या दारात बसची वाट बघत असताना ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"तू माझ्याबद्दल खोटं बोलली," ती म्हणाली.

"हो. तू पण बोलली होतीस. बेअरिंग."

मला वाटलं ती विचारेल, कसली बेअरिंग. तिनं विचारलं नाही. म्हणाली, "मी तुले पहिल्याच दिवशी ओळखलं. म्हणून तर मिठी मारली. वाटलं, तू काही म्हटलं नाही तर ते तसंच राहून जाईल."

म्हणजे तिला सगळं आठवत होतं. बारा वर्षं तिच्याही आयुष्यात ती सकाळ होती, फक्त तिला ती जड नव्हती. मला तिच्या तोंडात मारावंसं वाटलं, आणि हातात सामान नसतं तर कदाचित मारलंही असतं. मी म्हणाले की मी अख्ख्या टीमसमोर माझं खोटं कबूल केलं. आता तुझी पाळी. टीमसमोर नको, मला त्यांचं काही नाही. तांड्यावर ये. माझ्या बाबांसमोर, सगळ्यांसमोर सांग. तिनं विचारलं, नाही आले तर? मी म्हणाले, मग मी तुझ्या जिनिंगसमोर येऊन बसेन, आणि या वेळी जे सांगेन त्यात एकही वाक्य जोडलेलं नसेल.

ती आली. उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, एकटी, स्वतः गाडी चालवत. मी तांड्यावर आधीच सांगून ठेवलं होतं. देवळासमोरच्या ओट्यावर म्हातारे नायक बसले होते, आमच्या तांड्याचे प्रमुख. बायका एका बाजूला. ज्यांच्या अंगठ्या हरवायच्या त्या बायकांना मी मुद्दाम हाक मारून बोलावलं होतं. बाबा ओट्याच्या टोकाला, धुतलेला शर्ट घालून.

तिनं हळू आवाजात सांगितलं. माझ्या स्केटची बेअरिंग मीच काढून हिच्या दप्तरात ठेवली होती. हिनं चोरी केली नव्हती.

नायकांनी मान हलवली. मग बाबा म्हणाले, "मागच्यायले आयकू नाही आलं, बाई. पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्यानं. बाबांनी मागं वळून बायकांकडं पाहिलं आणि परत तिच्याकडं. "थ्या तिकडच्या म्हाताऱ्याले कमी आयकू येते. त्याच्याजवळ जाऊन सांग." ती गेली. निंबाखाली खाटेवर बसलेल्या त्या म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून तिनं तिसऱ्यांदा सांगितलं. घामानं तिचा कुर्ता पाठीला चिकटला होता. ऊन चढलं होतं आणि तिला कोणी सावलीत ये म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

मला बरं वाटलं का? वाटलं. उगाच दुसरं काही का सांगू. तीन वेळा तर तीन वेळा बरं वाटलं.

मग बाबांनी याडीला चहा ठेवायला सांगितला, तिच्यासाठीही. ते मला आवडलं नाही. ती आमच्या ओसरीत बसून चहा प्याली, कप धुवायला उठली तर याडीनं तो तिच्या हातातून काढून घेतला. मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेले, पाहुणचार म्हणून नाही, ती जाते की नाही बघायला.

गाडीचं दार उघडून ती थांबली. म्हणाली, "अजून एक सांगतो तुले. मी ते तुह्या दप्तरात ठेवत होते तवा सर दारात उभे होते. त्यायनं पाह्यलं. मी त्यायच्याकडे पाह्यलं. ते आत निघून गेले."

ती गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी रस्त्यावर उभी होते. बाबांना फोन करणारे सर. दप्तरं उलटी करायला लावणारे सर. आवार मालकाचं होतं आणि वर्ग आवारात चालायचा, एवढंच कारण असणार. त्यांना मी इतकी वर्षं नुसते भित्रे समजत होते. भाऊबीजेला दिग्रसला गेले की रस्त्यात नमस्कारही करायचे.

सोमवारी सकाळी पहिल्या बसनं मी दिग्रसला गेले. सर निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झालीत, बस स्टँडच्या मागं राहतात. दार त्यांनीच उघडलं. पेपर हातात, चष्मा कपाळावर. मला ओळखून ते खूश झाले. म्हणाले, पेपरात फोटो पाहिला, आपल्या दिग्रसचं नाव काढलंस, ये, बस. बायकोला पाणी आणायला सांगू लागले.

मी बसले नाही. मी म्हणाले, ती काल तांड्यावर आली होती. तिनं सांगितलं की बेअरिंग ठेवताना तुम्ही दारात होता.

त्यांनी चष्मा कपाळावरून काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. मग म्हणाले की त्या वेळी परिस्थिती वेगळी होती, वर्ग बंद पडला असता, वीस पोरींचं नुकसान झालं असतं. मी त्यांना मध्ये तोडलं नाही. सगळं बोलू दिलं. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको पाण्याचा पेला घेऊन थांबली होती, तिनंही सगळं ऐकलं.

"सर, चपला घाला," मी म्हणाले. "आमच्याकडची गाडी अकराची हाये. माह्या बाबायले सांगाचं आहे तुम्हाले."

ते म्हणाले, आज तब्येत बरी नाही, पुढच्या आठवड्यात बघू. मी दारातच उभी राहिले. बायकोनं पाण्याचा पेला टेबलावर ठेवला, कोपऱ्यातल्या त्यांच्या चपला उचलल्या आणि त्यांच्या पायाशी आणून ठेवल्या. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

अकराच्या गाडीला गर्दी होती. मला खिडकीजवळ जागा मिळाली. सर तांड्यापर्यंत उभे आले.